नर्सच्या सहीचे प्रिस्क्रिप्शन : संशोधन कुठून निघाले, कुठे पोचले

चौतीस वर्षांची बाई. दोन दिवस लघवीला जळजळ, सारखे जावे लागते. ताप नाही, पाठीत दुखत नाही, गरोदर नाही. मूत्राशयाचा साधा संसर्ग. समोरच्या नर्सने असे पेशंट इतके पाहिलेत की पहिल्या दोन वाक्यांतच तिला अंदाज येतो. औषध कोणते आणि किती दिवस, हेही तिला ठाऊक असते. अडते ते सहीपाशी.

ही सही नर्सला करता यावी का, यावर गेली पन्नास वर्षे संशोधन चालू आहे. त्यातले बरेचसे वाचून गोंधळच वाढतो, कारण 'नर्सने औषध दिले' या एकाच शीर्षकाखाली निरनिराळ्या गोष्टी मोजलेल्या असतात. त्या आधी वेगळ्या केल्या पाहिजेत. त्यासाठी इंग्लंड सोयीचे, कारण तिथे तिन्ही पद्धती शेजारी शेजारी चालतात.

एकच पेशंट, तीन वाटा

पहिली वाट 'पेशंट ग्रुप डायरेक्शन'ची. डॉक्टर, फार्मासिस्ट आणि संस्था यांनी आधीच सह्या करून ठेवलेला हा लेखी आदेश असतो. कोणाला द्यायचे, कोणाला द्यायचे नाही, कोणते औषध, किती, किती दिवस, सगळे त्यात छापलेले. आपल्या पेशंटसाठी त्यात बहुधा नायट्रोफ्युरँटॉइन असेल : १०० मिलिग्रॅमची सावकाश विरघळणारी कॅप्सूल, दिवसातून दोनदा, तीन दिवस. नर्स अटी तपासते, बसत असतील तर औषध हातात देते. किडनीचे काम दाखवणारा ईजीएफआर ४५ च्या खाली असेल तर हे औषध टाळतात. ते लघवीत पुरेसे उतरत नाही आणि दुष्परिणाम मात्र वाढतात. अशा पेशंटसाठी आदेश संपला, नर्सचा अधिकारही संपला. तिला डोस बदलता येत नाही, दुसरे औषध निवडता येत नाही, हे काम सहकाऱ्यावर सोपवता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे प्रिस्क्रिप्शन नव्हेच.

दुसरी वाट 'सप्लिमेंटरी प्रिस्क्रायबिंग'ची, २००३ पासूनची. निदान डॉक्टर करतो. मग त्या एका पेशंटपुरता लेखी आराखडा तयार होतो, त्याला डॉक्टर, नर्स आणि पेशंट तिघांची संमती लागते. त्या चौकटीत नर्स डोस वाढवू शकते, कमी करू शकते, औषध बदलू शकते. मधुमेह, दमा, मानसिक आजार यांसारख्या लांबणाऱ्या दुखण्यात ही पद्धत बरी चालते. दोन दिवसांच्या जळजळीला तिचा उपयोग शून्य, कारण आधी डॉक्टर भेटलाच पाहिजे.

तिसरी 'इंडिपेंडंट' म्हणजे स्वतंत्र. तपासणी, निदान, निवड आणि जबाबदारी, सगळे नर्सचे. खरी कसोटी इथेच लागते. समजा, याच बाईची किडनी जेमतेम काम करते आणि संधिवातासाठी ती आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते. नायट्रोफ्युरँटॉइन गेले. पुढचे नेहमीचे औषध ट्रायमेथोप्रिम. पण ते आणि मेथोट्रेक्सेट दोन्ही फोलेट या जीवनसत्त्वाच्या वाटेवरच घाव घालतात, एकत्र दिले तर अस्थिमज्जा दबून रक्तपेशी धोकादायक घसरू शकतात. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर जायला उशीर लावतात. उरते फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच पुडी, किंवा लघवीचे कल्चर पाठवून डॉक्टरला फोन. स्वतंत्र अधिकार असलेल्या चांगल्या नर्सने इथे फोन उचलला, तर तेही अधिकाराचाच वापर करणे झाले. बहुतेक अभ्यासांत मात्र ते कुठेच मोजले जात नाही, कारण लिहिलेली औषधे मोजता येतात, न लिहिलेली येत नाहीत.

तेव्हा 'नर्सची औषधे सुरक्षित' किंवा 'असुरक्षित' असा निष्कर्ष दिसला की पहिला प्रश्न : या तिन्हींपैकी कोणती वाट मोजली? छापील आदेशावर मिळालेला चांगला निकाल स्वतंत्र अधिकाराच्या खात्यावर जमा करता येत नाही.

कायदे आधी, पुरावे मागून

ब्रिटनमध्ये सुरुवात अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या अडचणीतून झाली. घरोघरी जाणाऱ्या नर्सना जखमेच्या पट्ट्यांसाठी, मलमांसाठी डॉक्टरच्या सहीची वाट पाहत बसावे लागे. काय हवे हे नर्सनेच ठरवलेले असे, डॉक्टर फक्त सही करी. १९८६ च्या कंबरलेज अहवालाने यावर बोट ठेवले आणि मर्यादित यादीतून औषधे लिहिण्याची मुभा सुचवली. १९८९ मध्ये क्राऊन अहवाल, १९९२ मध्ये कायदा, १९९४ मध्ये आठ ठिकाणी प्रायोगिक सुरुवात. यादीत पट्ट्या, पोट साफ होण्याची औषधे, त्वचेची मलमे असा माल. २००२ मध्ये यादी वाढली. मे २००६ मध्ये स्वतंत्र अधिकार असलेल्या नर्सना, बहुतेक नियंत्रित औषधे वगळता, जवळजवळ सगळा औषधकोश खुला झाला. २०१२ मध्ये नियंत्रित औषधांतलीही बरीचशी आली. व्यसनावरच्या उपचारासाठी डायमॉर्फिन, कोकेन, डिपिपॅनोन ही तीन मात्र बाहेरच राहिली.

या प्रवासात संशोधन बहुतेक वेळा कायद्याच्या मागून चालले. आधी मुभा, मग मूल्यमापन. पण त्यामुळे एक अडचण उरते : कायदा बदलण्याआधीची नीट नोंद नसते, म्हणून 'आधी' आणि 'नंतर' यांची तुलना लंगडी पडते.

अमेरिकेत चित्र वेगळे. नर्स प्रॅक्टिशनर (म्हणजे जादा शिक्षण घेऊन स्वतः पेशंट तपासणारी नर्स) घडवणारा पहिला अभ्यासक्रम १९६५ मध्ये कोलोराडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केला. औषध लिहिण्याचा अधिकार मात्र राज्याराज्याने वेगळा दिला. आयडाहोने १९७१ मध्येच दार किलकिले केले. जॉर्जियाने २००६ मध्ये, सगळ्यांत शेवटी. फ्लोरिडात नियंत्रित औषधे लिहिण्याची मुभा २०१७ उजाडल्यावर मिळाली. आजही राज्यांची तीन गटांत विभागणी करतात : पूर्ण अधिकार, कमी केलेला अधिकार आणि डॉक्टरच्या देखरेखीखालचा अधिकार. डोक्याला ताप देणारी ही गोधडी संशोधकांच्या पथ्यावर पडली. शेजारच्या दोन राज्यांपैकी एकाने नियम बदलला आणि दुसऱ्याने नाही, तर फरक मोजायला आयताच प्रयोग मिळतो. अमेरिकेतून येणारे अभ्यास मोठ्या आकडेवारीचे का असतात आणि ब्रिटनमधून येणारे मुलाखती व निरीक्षणांचे का, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

युरोपात स्वीडन १९९४, आयर्लंड २००७, फिनलंड २०१०, पोलंड २०१६ अशी रांग लागली. नेदरलँड्समध्ये २०१२ मध्ये उच्चशिक्षित नर्सना स्वतंत्र अधिकार मिळाला, २०१४ मध्ये मधुमेह, फुप्फुसे आणि कर्करोग या क्षेत्रांतल्या नर्सना मर्यादित. या दुसऱ्या गटासाठी निदान आधी डॉक्टरने केलेले असावे अशी अट आहे. स्पेनमध्ये २०१५ च्या हुकमाने नर्सच्या प्रत्येक पावलाआधी डॉक्टरचे पाऊल बंधनकारक केले, त्यावर मोठा विरोध झाला आणि २०१८ मध्ये तो हुकूम बदलावा लागला. २०१९ मध्ये आलेल्या एका आढाव्यात युरोपातल्या १३ देशांचे नियम मांडले आहेत. 'अधिकार आहे' या दोन शब्दांखाली किती निरनिराळ्या गोष्टी दडतात, ते त्यात एका ठिकाणी दिसते. चीनमध्ये शेनझेन शहराने १ जानेवारी २०२३ पासून विशेषज्ञ नर्सना काही तपासण्या, काही उपचार आणि बाहेरून लावायची औषधे लिहिण्याची मुभा दिली. तेव्हापासून तिथल्या संशोधकांचा या विषयाकडे ओढा वाढलेला दिसतो.

पहिला टप्पा : काही बिघडते का?

सुरुवातीच्या अभ्यासांचा प्रश्न बचावाचा होता. नर्सने सांभाळले तर पेशंटचे नुकसान होते का? १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या बर्लिंग्टन चाचणीत पेशंट चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. नर्सकडे गेलेल्यांची तब्येत डॉक्टरकडे गेलेल्यांइतकीच राहिली. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली, जी पुढे वारंवार भेटते : समाजाच्या दृष्टीने पद्धत किफायतशीर, पण नर्सच्या कामाचे पैसे मिळण्याची सोय नसल्याने डॉक्टरला ती परवडेना.

२००० साली अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात न्यूयॉर्कची चाचणी आली. १,३१६ पेशंट, सहा महिने. दमा, मधुमेह, रक्तदाब, कुठेच अर्थपूर्ण फरक नाही. फक्त रक्तदाबाच्या पेशंटमध्ये खालचा आकडा नर्सकडे ८२ आणि डॉक्टरांकडे ८५. या चाचणीचा हवाला दोन्ही बाजू अजून देतात. पण पेशंट तेराशे असले तरी तपासणारे किती होते? सात नर्स आणि सतरा डॉक्टर. सात चांगल्या नर्सबद्दल आपल्याला बरेच कळले. देशभरातल्या हजारो नर्सबद्दल त्यातून किती बोलावे, हे ज्याने त्याने ठरवावे.

२०१६ चा कॉक्रेन आढावा, म्हणजे कॉक्रेन या संस्थेने जगभरातले अभ्यास एकत्र करून केलेली छाननी, आजही या विषयाचा कणा आहे. ४६ अभ्यास, ३७,३३७ पेशंट. त्यांतले २६ अभ्यास नर्सचे, २० फार्मासिस्टचे. बारा महिन्यांनंतर वरचा रक्तदाब डॉक्टरांच्या गटापेक्षा सरासरी ५.३१ मिलिमीटरने कमी, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सी ०.६२ ने कमी, 'वाईट' समजले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल ०.२१ मिलिमोल प्रतिलिटर कमी. औषधे नियमित घेणे, समाधान, जगण्याची प्रत या बाबतीत गट सारखे.

नर्स डॉक्टरपेक्षा सरस, असे म्हणायचे का मग? नाही. यातल्या पुष्कळ अभ्यासांत औषध लिहिण्याबरोबर आणखी बरेच काही होते : जादा वेळ, आहाराचा सल्ला, फोन करून विचारपूस, लवकर फेरतपासणी. २०१८ च्या दुसऱ्या एका कॉक्रेन आढाव्यात, १८ चाचण्यांवरून, नर्सची तपासणी जास्त वेळ चालते आणि परत येणाऱ्या भेटी किंचित जास्त होतात हेच दिसले. लिहिलेल्या औषधांच्या संख्येत मात्र फारसा फरक नव्हता. म्हणजे रक्तदाब उतरला तो सहीमुळे की वीस मिनिटे बसून ऐकल्यामुळे, हे या आकड्यांतून सुटे करता येत नाही. दुसरी गोष्ट, बहुतेक ठिकाणी अडल्यास विचारायला डॉक्टर होता. त्या परिस्थितीतला निकाल एकट्या पडलेल्या नर्सला लागू होईल असे धरून चालणे चूक आहे.

'कमी नाही' हे कसे सिद्ध करतात

दक्षिण आफ्रिकेत प्रश्न वेगळ्या तीव्रतेने आला. एचआयव्हीची औषधे होती, पेशंट लाखांनी होते, लिहायला डॉक्टर पुरेसे नव्हते. २०१० पासून तिथे नर्सनीच उपचार सुरू करण्याचा कार्यक्रम राबवला गेला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ८१२ पेशंटचा पाठपुरावा नर्स किंवा डॉक्टर यांच्याकडे वाटून दिला होता. उपचार फसण्याचे प्रमाण नर्सच्या गटात ४८ टक्के, डॉक्टरच्या गटात ४४ टक्के.

चार टक्के जास्त, आणि तरी निष्कर्ष 'नर्स कमी पडत नाहीत'. हे वाचून अनेकांना फसवल्यासारखे वाटते, म्हणून जरा थांबू. अशा चाचणीत सुरुवातीलाच एक मर्यादा ठरवतात : इतका फरक पडला तरी चालेल, त्यापुढे नाही. मग मिळालेल्या फरकाभोवती अनिश्चिततेचा पट्टा काढतात. इथे धोक्याचे गुणोत्तर (१ म्हणजे दोन्ही गट सारखे) १.०९ आले आणि पट्टा ०.८९ ते १.३३. पट्ट्याचे वरचे टोकही ठरवलेल्या मर्यादेच्या आत राहिले, म्हणून निकाल तसा. 'फसण्या'ची व्याख्याही रुंद होती. विषाणू दबला नाही एवढेच त्यात नव्हते, पाठपुरावा सुटणे, औषधाचा विषारी परिणाम हेही धरलेले. अशा अभ्यासात वादाची खरी जागा म्हणजे ती मर्यादा. ती किती ठेवली, कोणी ठेवली आणि चाचणी सुरू होण्याआधी लिहून ठेवली होती का? मर्यादा ढिली ठेवली की जवळपास काहीही 'कमी नाही' ठरवता येते.

२०१२ मध्ये फ्री स्टेट प्रांतातल्या ३१ दवाखान्यांचा अभ्यास आला. इथे पेशंट वाटले नव्हते, दवाखानेच दोन गटांत वाटले होते. आधीपासून औषधावर असलेल्यांत विषाणू दबण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखे, ७१ आणि ७० टक्के. औषधाची वाट पाहणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. ज्यांना उपचार लवकर मिळावा म्हणून हा खटाटोप, त्यांच्यात मोठा फायदा दिसेल अशी आशा होती. ती पुरी झाली नाही. अधिकार दिला म्हणजे रांग आपोआप सरकत नाही. औषधाचा साठा, रक्ततपासणीचा निकाल येण्याची गती आणि त्याच नर्सच्या डोक्यावरची बाकीची कामे तिथेच असतात.

गंभीर चुका का दिसत नाहीत

सुरक्षिततेबद्दलचा सगळ्यांत कच्चा दुवा हा आहे आणि त्यावर सगळ्यांत कमी बोलले जाते. तुलना कोणाशी, हे आधी पाहू. इंग्लंडमधल्या रुग्णालयांचा २००९ चा मोठा अभ्यास सांगतो की डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधांच्या नोंदींत ८.९ टक्के चुका होत्या. कुटुंबडॉक्टरांच्या २०१२ च्या अभ्यासात दर वीस औषधांमागे एकात चूक, आणि गंभीर चूक साधारण ५५० मागे एक. म्हणजे 'डॉक्टरइतकेच सुरक्षित' ही काही फार उंच पातळी नव्हे.

आता तेराशे पेशंटच्या चाचणीत, प्रत्येक गटात साधारण साडेसहाशे, प्रत्येकाला एक औषध, असे धरा. ५५० मागे एक या दराने दर गटात एखादी गंभीर चूक अपेक्षित. एका गटात शून्य आणि दुसऱ्यात तीन आल्या तरी तो निव्वळ योगायोग असू शकतो. सांख्यिकीत एक ढोबळ नियम वापरतात : 'क्ष' पेशंटमध्ये घटना एकदाही घडली नसेल, तर तिचा खरा दर जास्तीत जास्त ३ भागिले 'क्ष' असू शकतो, ९५ टक्के खात्रीने. ३०० पेशंटमध्ये शून्य मृत्यू? तर खरा दर शंभरात एकपर्यंत असू शकतो. हजारात एकापेक्षा कमी आहे असे म्हणायचे तर ३,००० पेशंट आणि एकही घटना नको. कॉक्रेनच्या आढाव्यातही दुष्परिणामांबद्दल ठोस बोलता आले नाही. रक्तदाबाच्या आकड्यांवरून सुरक्षिततेचे प्रमाणपत्र देणारा लेख दिसला, तर तो बाजूला ठेवावा.

दुसरा टप्पा : सरासरीच्या आत काय आहे

गेल्या दहा वर्षांतला खरा बदल हा. विमा आणि औषध-खरेदीच्या प्रचंड नोंदी हाताशी आल्या आणि दोन सरासऱ्यांची तुलना सोडून संशोधक विखुरण्याकडे पाहू लागले.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, नर्सना अधिकार देणाऱ्या २९ राज्यांतली २०१३ ते २०१९ ची वृद्धांची प्रिस्क्रिप्शने तपासली. वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची 'बिअर्स' यादी मापाला घेतली. नर्स आणि डॉक्टर दोघांचे प्रमाण शंभर प्रिस्क्रिप्शनमागे जवळपास १.७. अगदी एकसारखे. पण त्याच अभ्यासात दिसले की सगळ्यांत वाईट लिहिणाऱ्यांत नर्स प्रमाणाबाहेर जास्त होत्या, आणि सगळ्यांत चांगले लिहिणाऱ्यांतही. सरासरी जुळली, आतली रुंदी वेगळी निघाली. धोरण ठरवणाऱ्याला याचा सरळ अर्थ असा, की पदवी पाहून दार उघडण्या-लावण्यापेक्षा वाईट टोकाला कोण आहे ते शोधून त्यांना मदत करणे जास्त उपयोगी, मग ते डॉक्टर असोत की नर्स. सध्याचे नियम नेमके याच्या उलट बांधलेले आहेत.

अफूजन्य वेदनाशामकांवरचा २०२० चा अभ्यास जास्त बोचरा आहे. २०१५ च्या मेडिकेअर म्हणजे अमेरिकेतल्या वृद्धांच्या सरकारी विम्याच्या नोंदींत अति प्रमाणात ही औषधे लिहिणारे डॉक्टर ३.८ टक्के, नर्स प्रॅक्टिशनर ८ टक्के, फिजिशियन असिस्टंट (डॉक्टर नसलेले, पण पेशंट तपासणारे प्रशिक्षित सहायक) ९.८ टक्के निघाले. बहुसंख्य नर्स आणि असिस्टंट डॉक्टरांसारखेच लिहीत होते. पण स्वतंत्र अधिकाराच्या राज्यांत या नर्स-असिस्टंटनी अति लिहिण्याची शक्यता निर्बंध असलेल्या राज्यांच्या वीसपटीहून जास्त आली. विरोधकांना हे वाक्य फार आवडते. मात्र निर्बंधाच्या काही राज्यांत त्यांना ही औषधे लिहिताच येत नव्हती, किंवा कडक मर्यादेत येत होती. जिथे दारच बंद तिथे गर्दी कमी दिसणारच. म्हणून अभ्यास निकामी ठरत नाही. आठ टक्के हा आकडा गंभीरच आहे, फक्त 'वीसपट'चा अर्थ शीर्षकात वाटतो तेवढा सरळ नाही.

त्याच अधिकाराची दुसरी बाजू व्यसनमुक्तीच्या उपचारात दिसते. अफूजन्य औषधांच्या व्यसनावरचे ब्युप्रेनॉर्फिन हे औषध लिहायला २०१६ च्या कायद्याने अमेरिकेतल्या नर्सना परवानगी दिली, पण २४ तासांच्या प्रशिक्षणाच्या अटीवर; डॉक्टरांना त्यासाठी ८ तास पुरत. २०२२ च्या अखेरीस ती विशेष परवान्याची पद्धतच रद्द झाली.

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या तातडीच्या विभागांचा २०२२ चा अभ्यास रचनेसाठी वाचावा. कोणता पेशंट कोणाकडे गेला हे सहसा योगायोगाने ठरत नाही. सोपे पेशंट नर्सकडे आणि अवघड डॉक्टरकडे पाठवले जातात, त्यामुळे नर्सचे निकाल फुगतात. या संशोधकांनी त्या दिवशी पाळीवर किती नर्स होत्या, या बऱ्याचशा योगायोगी गोष्टीचा आधार घेतला. निकाल नर्सच्या बाजूचा नाही : विभागात थांबण्याचा वेळ ११ टक्क्यांनी जास्त, आणि पुढच्या तीस दिवसांत टाळता येण्याजोगे भरती होणे २० टक्क्यांनी जास्त. हा अभ्यास नुसत्या औषध लिहिण्याचा नाही, आणि तातडीचा विभाग म्हणजे मधुमेहाचा नेहमीचा दवाखाना नव्हे. ठरावीक, चाकोरीतल्या आजारांत निकाल चांगले आणि निदानच धूसर असते तिथे घसरलेले, असा कल दिसू लागला आहे. आपल्या जळजळीच्या पेशंटलाच थंडी वाजून ताप आला, की ती पहिल्या रांगेतून दुसरीत गेली.

अधिकार आहे, वापर नाही

ब्रिटनमधला पूर्ण अभ्यासक्रम ज्याला व्ही३०० म्हणतात, तो बरीच वर्षे २६ दिवस वर्गात आणि १२ दिवस देखरेखीखाली प्रत्यक्ष काम असा होता. औषधशास्त्रात किमान ८० टक्के आणि डोसच्या गणितात शंभरपैकी शंभर मिळवावे लागतात. २०१८ च्या मानकांनी आधी लागणारा तीन वर्षांचा अनुभव एका वर्षावर आणला. एवढे करून पात्र झालेल्या काही नर्स पुढे एकही प्रिस्क्रिप्शन लिहीत नाहीत किंवा काही काळाने सोडून देतात.

का, यावर मुलाखतींचे भरपूर अभ्यास आहेत आणि उत्तरे कंटाळवाणी वाटावीत इतकी सारखी. नोंदवहीत पात्रता चढते, पण नोकरीच्या ठिकाणची परवानगी वेगळी घ्यावी लागते. संगणकावर औषध लिहिण्याचा प्रवेश मिळत नाही, कारण त्या नर्सचा कोड दवाखान्याला जोडलेला नसतो. नोकरी बदलली की सगळे पहिल्यापासून. पेशंटचे जुने रिपोर्ट आणि चालू औषधे घरभेटीच्या वेळी समोर नसतात. ती न पाहता लिहिणे धोक्याचे, म्हणून सावध नर्स लिहीतच नाही. पगार तोच. शंका विचारायला कोणी नाही. दोन-तीन महिने हात थांबला की आत्मविश्वास जातो. या यादीत नर्सच्या ज्ञानाची कमतरता वरच्या क्रमांकावर नाही, आणि प्रशिक्षणाचे तास वाढवून यातली एकही अडचण सुटत नाही.

संशोधनाचे नकाशे वाचताना

हल्ली 'कल' सांगणारे लेख निघतात ते वेगळ्याच तंत्राने. हजारो शोधनिबंधांची शीर्षके, कळीचे शब्द आणि संदर्भ व्हीओएसव्ह्यूअर किंवा साइटस्पेससारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतात. जे शब्द वारंवार एकत्र येतात त्यांचे रंगीत पुंजके तयार होतात. एखादा शब्द एकाएकी जास्त दिसू लागला तर त्याला उसळी म्हणून नोंदवतात. चित्र देखणे येते, पण ते पोकळ निघण्याची कारणे ठरलेली आहेत. ब्रिटनमध्ये हाच विषय 'नॉन-मेडिकल प्रिस्क्रायबिंग' या नावाने लिहितात, अमेरिकेत 'प्रिस्क्रिप्टिव्ह ऑथॉरिटी' किंवा नुसते 'स्कोप ऑफ प्रॅक्टिस'. शोधताना एक नाव सुटले की एक देश नकाशावरून गायब. इंग्रजीखेरीज लिहिलेले बहुतेक सुटतेच. नवा निबंध कितीही चांगला असला तरी त्याचा उल्लेख व्हायला दोन-तीन वर्षे जातात. आणि मोठा पुंजका म्हणजे तिथे खूप लिहिले गेले, एवढेच. पक्के कळले असे नव्हे. 'अडथळे आणि दृष्टिकोन' हा पुंजका नेहमी मोठा असतो, कारण वीस मुलाखती घेणे स्वस्त पडते.

पुंजक्यांपेक्षा रिकाम्या जागा पाहाव्यात. कॉक्रेनच्या ४६ अभ्यासांपैकी कमी-मध्यम उत्पन्नाच्या देशांतले फक्त चार : कोलंबिया, दक्षिण आफ्रिका, युगांडा, थायलंड. डॉक्टरच जवळ नसल्याने नर्स रोज औषधे देतात अशा ठिकाणांवर सगळ्यांत कमी लिहिले गेले आहे. चालू औषध बंद करणे, ही दुसरी मोठी फट. दहा गोळ्या खाणाऱ्या वृद्धाची सातवी गोळी थांबवायचा अधिकार आणि धाडस नर्सला आहे का, यावर काम आता कुठे सुरू झाले आहे. अँटिबायोटिकच्या बाबतीत नर्स किती वेळा 'गरज नाही' म्हणून परत पाठवतात, हेही तसेच.

आणि एक फट नोंदींतलीच. अमेरिकेत मेडिकेअरला बिल नर्सच्या नावाने गेले तर डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के पैसे मिळतात. तेच काम ठरावीक अटींत डॉक्टरच्या नावाने दाखवले तर पूर्ण १००. साहजिकच बरीच बिले डॉक्टरच्या नावाने जातात. पेशंटला पाहिले नर्सने, नोंदीत मात्र डॉक्टर. लाखो नोंदींवर उभ्या असलेल्या कुठल्याही तुलनेत 'डॉक्टर' या रकान्यात नर्सचे काही काम मिसळलेले असते, आणि ते किती, हे त्या नोंदींवरून काढता येत नाही.